सगळे 'शिमानोच घे' का म्हणतात? तुमचा ब्रँड तुम्ही कसा ठरवला?

होटगी_रोड_पेडल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूर आणि आजूबाजूच्या सायकलवाल्यांना एक विचारायचंय. कुठला ब्रँड भारी हे विचारत नाहीये, त्यावर लई धागे होऊन गेलेत आणि सगळ्यांचा शेवट भांडणातच झालाय. मला एवढंच कळून घ्यायचंय की तुम्हाला जो ब्रँड आवडतो तो आवडायला लागला कसा.

झालंय असं की हायब्रिड विकून रोडबाईक घ्यायची म्हणतोय, नवी परवडत नाही, सेकंड हँडच. दोन बघून ठेवल्यात. एकीला शिमानो कंपनीचे सोरा गिअर, ९ स्पीड म्हणजे मागे नऊ चकत्या, मालक जुळे सोलापुरातले. दुसरी पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका साहेबांची, तिला स्रॅम या दुसऱ्या गिअर कंपनीचे एपेक्स, १० स्पीड, वयाने जुनी पण कमी चाललेली, रंग एक नंबर आणि वर तीन-चार हजारांनी स्वस्त. दोन्ही माझ्या मापाच्या. आमचा सकाळचा ग्रुप पार्क चौकातून निघून तुळजापूर रोडला जाऊन येतो, चहाला थांबलो तेव्हा विषय काढला तर सगळे एका सुरात, शिमानो घे, डोळे झाकून घे. मी म्हटलं का? तर म्हणे शिमानो ते शिमानो. मग एकेकाला विचारलं की बाबा तू स्रॅम कधी चालवलीस का, तर एकही नाही. एकजण तेवढा म्हणाला की त्याच्या मेव्हण्याच्या मित्राची होती आणि ती लई नाटकं करायची, काय नाटकं ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

म्हणजे ज्यांनी दुसरं काही वापरलंच नाही ते एवढ्या खात्रीने सांगतात कसं? आणि गंमत म्हणजे मलाही आतून शिमानोच घ्यावंसं वाटतंय, का ते विचारलं तर माझ्याकडेही उत्तर नाही. हे डोक्यात येतं कुठून?


चौपाड_चकाट्या

स्वस्त हाय, कमी चाललीय, रंग पण आवडलाय, मग थांबलास कशाला बे, उचल की. उद्या तिसराच कोणतरी घेऊन जाईल आणि तू हितं धागे विणत बसशील.


मंगळवार_पेठ_बावीस_इंची

आमच्या टायमाला हा प्रश्नच नव्हता ओ. ब्रँड म्हणजे अख्खी सायकल. ॲटलस, हिरो, हर्क्युलस, बीएसए, आणि ऐपत असेल तर रॅले. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गेटातनं सायकलींचा लोंढा निघायचा आणि कुणाची कुठली ते लोक लांबनं ओळखायचे. पण त्या सायकलीचं फ्रीव्हील कुणी केलं, हब कुणाचा, पेडल कुणाचं, हे एकालाही ठाऊक नसायचं, कारण विचारायची गरजच पडत नव्हती. काहीही बिघडलं तरी त्या मापाचा पार्ट कुठल्याही दुकानात मिळायचा आणि कुठल्याही सायकलीला बसायचा. फार तर चेन घेताना लोक डायमंड दे म्हणायचे, तेवढंच.

वडलांची हर्क्युलस होती. का, तर ज्या दुकानात हप्त्याने सायकल मिळत होती तिथे तेव्हा हर्क्युलसच उभ्या होत्या. बस, एवढंच कारण. पण पुढे सगळी उमर कट्ट्यावर ॲटलसवाल्यांशी वाद घातला, हर्क्युलसचा फोर्क कसा, रिम कशी, हँडल कसं. ॲटलसवाले पण तेवढ्याच हिरिरीने उलट बोलायचे आणि त्यांनीही ॲटलस तशीच कुठल्यातरी दुकानाच्या सोयीने घेतलेली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला तेव्हा मला वडलांची आठवण झाली, आज असते तर त्यांना पण वाईट वाटलं असतं, भांडायला समोर कोण राहिलं मग.

पार्टाला नाव आलं ते गिअरच्या सायकली आल्यावर. पोरांच्या सायकलीवर फ्रेमलाच मोठ्या अक्षरात 'शिमानो गिअर' असं स्टिकर असायचं. खाली वाकून बघितलं तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढा शिमानोचा, तो पण टूर्नी, म्हणजे त्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीचा. फ्रीव्हील, क्रँक, ब्रेक, हब, सगळं बिननावाचं. पण गिऱ्हाईक स्टिकर वाचतं. त्यामुळे ती पोरं मोठी झाली ती गिअर म्हणजे शिमानो हे डोक्यात घेऊनच, आणि तुमच्या ग्रुपमधले सगळे त्याच वयाचे दिसतायत.


स्पोक_की

बावीस इंची मालकांनी हप्त्याच्या दुकानाचं सांगितलं ते आजही तसंच आहे, फक्त दुकानदाराच्या जागी मेकॅनिक आलाय. मी ग्रुपमधल्यांच्या सायकली घरी उघडतो, धंदा नाही, हौस आहे, पण त्यामुळे एक कळलं की माणूस ज्या ब्रँडला चांगला म्हणतो तो बहुतेक वेळा त्याच्या मेकॅनिकच्या हाताला सरावलेला ब्रँड असतो. शिमानोचा मागचा डिरेलर कुणीही लावून देतो. वर-खालचे दोन लिमिट स्क्रू, बी-स्क्रू, केबलचा बॅरल, हे शंभर वेळा केलेलं असतं. स्रॅम समोर आली की तोच माणूस जरा बिचकतो, अंदाजाने फिरवतो, सेटिंग अर्धवट राहतं, आणि सायकलवाला घरी जाऊन सांगतो की स्रॅम नाटकं करते. तुमच्या त्या मेव्हण्याच्या मित्राचं असंच झालेलं असणार, पैज लावा.

आता जरा टेक्निकल लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या, पण घेण्याआधी होटगी रोडवाल्याने वाचावं. एकदा एका कंपनीत शिरलं की बाहेर पडायला खर्च येतो, आणि खर्च टाळायला माणूस तिथेच राहतो, आणि मग राहिलोय म्हणजे आवडतंच असणार असं त्याचं तोच ठरवून टाकतो. शिफ्टरचा, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याचा, एक क्लिक मारला की तो केबल ठरावीक ओढतो आणि त्या ओढीच्या काही पट डिरेलर सरकतो. शिमानोच्या ८-९ स्पीड रोड सिस्टिममध्ये केबल १ मिमी ओढली तर डिरेलर साधारण १.७ मिमी सरकतो, स्रॅमच्या १० स्पीड रोडला तेच १.३ च्या आसपास. म्हणून एकाचा शिफ्टर आणि दुसऱ्याचा डिरेलर जोडला की एखाददुसरा गिअर बरोबर पडतो आणि पुढे चेन दोन चकत्यांच्या मध्ये खडखडत बसते. म्हणजे डिरेलर तुटला तर नवा त्याच कंपनीचा घ्या, नाहीतर शिफ्टरसकट सगळं बदला. शिफ्टर तर रोडबाईकमध्ये सगळ्यात महाग, ब्रेक लिव्हर त्यातच असते ना.

माउंटन बाईकवाल्यांचं तर विचारूच नका. मागच्या हबवर कॅसेट, म्हणजे चकत्यांचा जुडगा, ज्या नळकांड्यावर बसते तो फ्रीहब, त्याचे पण प्रकार, शिमानोचा जुना एचजी, स्रॅमचा एक्सडी, मग २०१८ ला शिमानोने मायक्रोस्प्लाइन काढला. कॅसेट बदलायची म्हटलं तर आधी फ्रीहब बदला.

सगळंच काही अडलेलं नाही म्हणा. १० स्पीडची कॅसेट शिमानोची असो की स्रॅमची, एकमेकांच्या जागी चालतात. चेन केएमसीची लावा, दोन्हीकडे चालते. आणि सोराचा एक फायदा असा की ९ स्पीडच्या रोड शिफ्टरला शिमानोचाच ९ स्पीडचा माउंटनवाला अलिव्हिओ डिरेलर चालतो, म्हणजे मागे ३६ दातांची चकती टाकता येते. तुळजापूरचा घाट चढताना गुडघे दुवा देतील.


अक्कलकोट_रोड_रायडर

मी ग्रुपसेटवरचं, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचावरचं, हे सगळं भांडण वाचत बसते आणि मला हसू येतं, कारण सोलापुरात सायकल चालवणाऱ्याचं खरं दुखणं टायर आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पाऊस संपला की कडेला सराटे, वर्षभर वेड्या बाभळीचे काटे, हायवेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा, ही तार तर दिसतच नाही, टायरवरून बोट फिरवून शोधावी लागते आणि बोटात घुसते. इथे टायरचा ब्रँड काटा ठरवतो, जाहिरात नाही. आमच्या बायकांच्या ग्रुपमध्ये श्वाल्बेचं मॅरेथॉन प्लस पहिल्यांदा एकीने घेतलं, सगळ्या तिला हसल्या की केवढं जड, ट्रॅक्टरचं आहे का. त्यात रबराचा ५ मिमी जाडीचा थर असतो आत, त्यामुळे जड आहेच. पण आम्ही कुंभारीच्या पुढे उन्हात पंक्चर काढत बसलोय आणि ती बाजूला केळं खात उभी आहे, असं होऊ लागलं तसं एकेक करून सगळ्यांचे टायर बदलले. रोडबाईकवाल्या कॉन्टिनेंटलच्या गेटरस्किनवर गेल्या. कुणी कुणाला पटवायला गेलं नाही.

ट्यूबलेस पण करून बघितलं दोघींनी, पण आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४२-४३ ला जातो, आतलं भोक बुजवणारं सीलंट लवकर वाळतं, सारखं भरत राहावं लागतं. पुण्यातल्या मैत्रिणी ट्यूबलेसची आरती ओवाळतात, त्यांचं तिथे बरोबर असेल. मग ब्रँडची आवड गावागावाला वेगळी असणार ना, रस्ता आणि हवा वेगळी तर टायर वेगळा.

दुसरी गोष्ट हाताची. माझा पंजा लहान. दुकानात सायकल घेताना ग्रुपसेटची नावं मला माहीत नव्हती, मी फक्त हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर, हात ठेवून ब्रेकची लिव्हर बोटांत येते का बघितलं. एका गाडीवर लिव्हर लांब, उतारावर ब्रेक दाबायला पंजा सरकवावा लागत होता, ती गाडी बाजूला. बऱ्याच लिव्हरमध्ये आत बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर जवळ आणता येते, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, विचारायला लागतं. आता मला माझा ब्रँड आवडतो आणि तो का विचारलं तर हाताला बसला म्हणून. होटगी रोडवाले दादा, तुम्ही दोन्ही गाड्यांवर निदान अर्धा तास बसलात का? बाकी सगळ्यांना विचारलंत.


नळदुर्ग_रिटर्न

हात वर करतो. मी सोलापुरातला तो स्रॅमवाला. आणखी असतील पण मला भेटले नाहीत.

पुण्यात नोकरीला असताना रूममेटने त्याची जुनी गाडी दिली, तिला स्रॅम होतं, दुसरं काही कारण नाही. तिथे ब्रेव्हे करायला लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रेव्हे म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक वेळेत, २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास, शर्यत नाही, पहिला-दुसरा कोण नाही. रात्री झोप अनावर झालेली असताना डोकं चालत नाही, हातच चालतो. स्रॅमच्या डबलटॅपमध्ये एकच पाकळी असते, थोडी ढकलली की एक गिअर जड, जास्त ढकलली की हलका. शिमानोत ब्रेकची लिव्हरच आत ढकलायची आणि तिच्यामागे दुसरी छोटी पाकळी. दोन्ही चांगलंच आहे. पण माझ्या हाताला पहिल्यापासून एक पाकळी बसलीय, मित्राची शिमानो घेतली की मी चढावर उलटा गिअर टाकतो आणि शिव्या शिमानोला देतो. म्हणजे आवड वगैरे म्हणतो ते बहुतेक हाताची सवय असते.

आता गंमत सांगतो. ग्रुपमध्ये कुणाचा शिमानोचा गिअर अडकला की सगळे म्हणतात केबल जुनी झाली असेल, धूळ गेली असेल, हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा, वाकला असेल. माझा अडकला की म्हणतात स्रॅमच ना शेवटी. तीच धूळ, तोच बार्शी रोड! एकदा तर माझा हँगरच वाकलेला होता, पार्किंगला सायकल उजव्या अंगावर पडली होती, समोर दिसतंय वाकलेलं, तरी निकाल तोच. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिमानोने स्वतःच जगभर त्यांच्या ११ स्पीडच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या वरच्या पायरीच्या मालाचे क्रँक तपासायला मागवले, २०१२ ते २०१९ मध्ये बनलेले, दोन तुकडे चिकटवलेला जोड सुटू शकतो म्हणून. लाखो क्रँक. मी ग्रुपमध्ये बातमी टाकली तर उत्तर काय आलं, 'बघ, किती जबाबदार कंपनी, स्वतःहून सांगितलं.' हेच स्रॅमचं असतं तर? असो.

आणि पार्ट मिळत नाही हे पण अर्धंच खरं. हायड्रॉलिक ब्रेक घ्या. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांत डॉट फ्लुइड असतं, शिमानोत मिनरल ऑइल. पुस्तकात वाचलं तर मिनरल ऑइल चांगलं, डॉट हवेतला ओलावा ओढून घेतं, वरचेवर बदलावं लागतं, सायकलवर पडलं तर तिचा रंग जातो. पण सोलापुरात रविवारी दुपारी मिनरल ऑइल शोधून दाखवा मला. डॉट ४ कुठल्याही मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, सात रस्त्याला उतरा आणि घ्या. फक्त एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचं तेल चुकूनही टाकू नका, आतले रबरी सील जातात.


हिप्परगा_लूप

मी सायकलींचा जुना इतिहास वाचतो, चालवतो कमी. एक किस्सा इथे सांगायलाच हवा कारण होटगी रोडच्या प्रश्नाचं बरंच उत्तर त्यात आहे.

सनटूर नावाची जपानी कंपनी होती. आजच्या डिरेलरचा जो तिरका समांतर चौकोन आहे, ज्यामुळे वरची जॉकी व्हील, म्हणजे डिरेलरमधलं छोटं दातेरी चाक, प्रत्येक चकतीपासून साधारण सारख्या अंतरावर राहते, तो त्यांनी १९६४ ला काढला. बाकीच्यांना तो वापरता येत नव्हता, पेटंट होतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सायकलींची लाट आली तेव्हा स्वस्त आणि चांगला गिअर म्हणजे सनटूर. शिमानो तेव्हा त्यांच्यामागेच होती. १९८४ च्या सुमाराला ते पेटंट संपलं आणि नेमकी त्याच वेळी शिमानोने ड्युरा-एसमध्ये इंडेक्स शिफ्टिंग आणलं, एसआयएस म्हणतात ते. त्याआधी दांडी सरकवून अंदाजाने गिअर लावायला लागायचा, कान लावून ऐकायचं चेन घासतेय का. आता टक् झालं की गिअर पडला. नवशिक्यालासुद्धा जमलं.

आता ह्यातली खुबी बघा. टक्-टक् बरोबर जमायचं असेल तर शिफ्टर, केबल, डिरेलर, मागच्या चकत्या, चेन, सगळ्यांची मापं एकमेकांशी जुळायला हवीत. म्हणून शिमानोने ते सगळं मिळून विकलं. सायकल बनवणाऱ्या कारखान्यालाही बरं पडलं, पाच ठिकाणी फिरण्यापेक्षा एकाकडून सगळं घ्या, जुळेल याची काळजी नाही. सनटूरनेही त्यांचं इंडेक्स आणलं पण त्यांना जुळवणी तेवढी जमली नाही आणि उशीर झाला, ते पार मागे पडले. ते नाव आज बघायचं असेल तर माउंटन बाईकच्या सस्पेन्शन फोर्कवर दिसतं, एसआर सनटूर म्हणून.

म्हणजे गिऱ्हाईक दुकानात येण्याआधी निवड झालेली असते, कारखान्यात. पहिली सायकल शिमानोसकट येते, पहिल्या सायकलीवर माणूस गिअर शिकतो, दुसरी घेताना तेच शोधतो. १९२१ ला ओसाकाजवळच्या साकाई गावात फ्रीव्हीलपासून सुरू झालेली कंपनी आहे ती, मासे पकडायचे गळ-रीळ पण बनवते, आणि तिथून ती टूर्नीपासून ड्युरा-एसपर्यंत सगळ्या पायऱ्या एकटीच भरून बसलीय. स्रॅम १९८७ ला शिकागोत सुरू झाली, हँडलवर मूठ पिळून गिअर बदलायचा ग्रिपशिफ्ट हा त्यांचा पहिला माल. पण बघा, आपल्या बाजारात आठ-दहा हजाराच्या सायकलीवर स्रॅम कधी दिसते का? खालच्या पायरीवर जो नाही तो लोकांच्या मनात पहिला कसा येणार.

उलटी बाजू कॅम्पाग्नोलोची, १९३३, विचेंझा, इटली. तुल्लिओ कॅम्पाग्नोलो स्वतः रेसर होता, १९२७ ला क्रोचे द'आउनेच्या घाटात बर्फात बोटं गारठली आणि चाकाचे विंगनट सुटेनात, त्यातून क्विक रिलीज, म्हणजे खटका ओढून चाक सोडायची दांडी, सुचलं अशी गोष्ट सांगतात. गोष्ट किती खरी देव जाणे, पण बघा ना, एखाद्या कंपनीला अशी गोष्ट असली की लोक पार्ट घेतात का गोष्ट घेतात हेच कळत नाही. कॅम्पीवाला माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत हा घाट येतोच. सोलापुरात कॅम्पी कुणाकडे असेल तर मला बघायचीय, फक्त बघायचीय.


मंगळवार_पेठ_बावीस_इंची

हिप्परगा भाऊ, माहिती चांगली हाय पण सगळं कारखान्यावर ढकलू नका. माणसाला पण आपलं म्हणायला काहीतरी लागतं. शेंगाचटणी कुठल्या दुकानाची यावरनं आपल्याकडे घराघरात पार्ट्या हायेत, तिथं कुठला कारखाना आलाय मधे? ज्या माणसानं चाळीस-पन्नास हजार घातलेत तो माझी चुकलीय असं म्हणणार नाही, तो दुसऱ्यालाही तेच घ्यायला लावणार, म्हणजे स्वतःचा जीव शांत.


हिप्परगा_लूप

ते पण आहेच. पण मालक, करोनात काय झालं आठवा. शिमानोचा माल येईना, सायकल कंपन्यांना वर्षवर्ष थांबायला लागत होतं, तेव्हा बऱ्याच गाड्यांवर तैवानची मायक्रोशिफ्ट आली. लोकांनी नाक मुरडून घेतली, पण आता त्यांच्यातलेच काहीजण म्हणतात काही अडत नाही. आपलं म्हणायला काहीतरी लागतं हे खरं, पण काय आपलं म्हणायचं ते गोदामात काय आहे त्यावर ठरलं की.


चौपाड_चकाट्या

एवढं वाचून मला पण सायकल घ्यावी वाटायलीय बे. कुठली घेऊ? 😂


अक्कलकोट_रोड_रायडर

टायर चांगले बघून घ्या 😄


होटगी_रोड_पेडल

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ताईंनी विचारलं म्हणून काल दोन्ही गाड्या नीट चालवून आलो, एक कंबर तलावाच्या बाजूने आणि एक विजापूर रोडला, अर्ध्या तासाच्या वर. खरं सांगायचं तर एपेक्सची पाकळी दहा मिनिटांत जमली, मला वाटलं होतं त्रास होईल, काही नाही. हूड हाताला जरा बारीक लागतात आणि ते मला आवडलं. सोरा गुळगुळीत, आवाज नाही, पण तिला ओळखीची वाटण्यापलीकडे वेगळं असं काही सांगता येत नाही. ग्रुपवर सांगितलं की स्रॅमकडे कल होतोय तर एकाने लगेच लिहिलं, 'नंतर सांगू नकोस सांगितलं नाही म्हणून.' माझ्या पैशाची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे.

आता एकच धाकधूक, स्पोक की भाऊंनी सांगितलेला डिरेलरचा खर्च. एपेक्सचा मागचा डिरेलर गेला तर काय करायचं? आणि घेण्याआधी काय काय बघू?


स्पोक_की

डिरेलर असा सहज जात नाही, जातो तो बहुतेक हँगर वाकून तो स्पोकमध्ये शिरला तर. म्हणून पहिलं काम, सायकलच्या मागे सरळ रेषेत उभा राहून बघ, जॉकी व्हील आणि वरची चकती एका रेषेत आहेत का. तिरकं दिसलं तर हँगर वाकलाय, त्या किमतीत आणखी हजार पाडून घे. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तो सोलापुरात मिळणार नाही, गाडी घेतल्या घेतल्या दोन मागवून ठेव, एक सीटखालच्या पिशवीत कायम. तेवढं केलंस की स्रॅम आहे का शिमानो त्याने फार फरक पडत नाही, आणि एपेक्सचा जुना १० स्पीड डिरेलर ऑनलाइन सेकंड हँडमध्ये सापडतो, थोडी वाट बघायची तयारी पाहिजे.

दुसरं चेन. माझ्याकडे चेन चेकर आहे, चेन किती ताणलीय ते मोजायचं माप, ०.७५ टक्क्यांच्या पुढे ताणली असेल तर चेन आणि बहुधा कॅसेट पण बदलावी लागेल, ते धरून भाव कर. कॅसेट शिमानोची १० स्पीड घेतलीस तरी बसेल, वर लिहिलंच आहे. तिसरं, शिफ्टर. प्रत्येक गिअर वर-खाली दोनदा टाकून बघ, क्लिक मऊ पडतोय का, पाकळी परत जागेवर येते का. जुन्या गाडीत महागातला पार्ट तोच आणि तो दुरुस्त होत नाही. केबल आतून कुजलेली असेल तर घाबरू नकोस, ती दोन-तीनशेत होते.

ब्रेक रिमचे आहेत का डिस्क? ते लिहिलंच नाहीस. आणि मागच्या बाजूचा एक फोटो टाक, हँगरचा आकार दिसला पाहिजे, म्हणजे कुठला मागवायचा ते सांगतो.


नळदुर्ग_रिटर्न

घेतलीस की कळव. माझ्याकडे एपेक्सचे जादा ब्रेक पॅड पडलेत, पैसे नकोत. सोलापुरात दोन स्रॅमवाले झालो की पुढच्या वेळी गिअर अडकला तर निकाल लागायच्या आधी निदान खटला तरी चालेल.


होटगी_रोड_पेडल

रिमचेच आहेत. फोटो संध्याकाळी टाकतो, साहेब सहाला घरी येतात.